गावाचा शनिवार

“हात दाखवा,” म्हणत बाई शनिवारी शाळेच्या फाटकात उभ्या राहायच्या. हात तुमच्या-माझ्या शाळेतही तपासले जायचे, नखं वाढलेली दिसली की पट्टी बसायची. आमच्या या बाई मात्र शाळा सुटताना हात बघायच्या आणि ज्याचे स्वच्छ असतील त्यालाच अडवायच्या. “काय रे, सकाळभर नुसता बघत बसलास?”

वसईतल्या त्या खासगी प्राथमिक शाळेत मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी लागले. तिसरी माझ्याकडे, चौथी बाईंकडे. मी सांगलीकडची, विरारला फ्लॅटमध्ये राहणारी. त्या इथल्याच, वाडीतल्या ख्रिस्ती घरातल्या. सुती साडी, रबरी चपला, आणि आवाज असा की शिपायाने घंटा दिली नसती तरी चाललं असतं.

शनिवार त्यांनी गावाच्या हवाली केला होता. पावसाळ्यात पाचूबंदरच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की माणसं ओट्यांवर जाळी दुरुस्त करत बसतात. तिथे आमची मुलं जायची. एरवी वाडीत चाफ्याची कलमं बांधायला. रविवारी मिस्सा संपली की बाई चर्चच्या दारातच एकेकाला गाठायच्या. “शनिवारी पोरं घेऊन येतेय. खाऊ नको, काम दे.” त्यांना नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती.

जाळं विणायला शिकवायचे एक म्हातारे तांडेल, एकेकाळी होडीचे म्होरके, आता समुद्रावर जाणं सोडलेले. जाळ्याचं भोक बोटांवर मापून विणायचं, ही त्यांची पद्धत. पण आमच्या प्रत्येक मुलाची बोटं वेगळी, त्यामुळे भोकंही कुठे लाडवाएवढी, कुठे बोराएवढी.

“बाय, ह्याच्यातून सगला म्हावरा पलनार,” तांडेल म्हणाले.

“पळू दे. पोरं बसलीत ना?” म्हणून बाईंनी ते जाळं वर्गात टांगलं. सगळी भोकं सारखी का हवीत, हे मुलांना मापाच्या धड्याआधीच कळलं होतं.

मग एक मुलगी बंदरावरच्या चिखलात घसरली. गुडघा खरचटला, एवढंच. पण नव्या बिल्डिंगांमधले पालक संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. आम्ही मुलांना शिकायला पाठवतो, मासे मारायला नाही, म्हणाले. अध्यक्षांनी बजावलं, “यापुढे मुलं फाटकाबाहेर जाणार नाहीत.”

“बरं,” बाई म्हणाल्या. इतक्या मुकाट्याने ऐकलं म्हणून मी खट्टू झाले.

पुढच्या शनिवारी हातगाडीवरून अख्खं जाळं शाळेत आलं. मागे तांडेल, वाडीवाले, कलमं आणि मातीची घमेली. जाळं व्हरांड्याच्या खांबांना बांधलं, ते थेट अध्यक्षांच्या खोलीपर्यंत पोचलं. अध्यक्षांना कंबरेत वाकून आत शिरावं लागलं.

“हे काय चाललंय?”

“मुलं फाटकाबाहेर गेलेली नाहीत, सर.”

मी फळ्याकडे तोंड करून हसून घेतलं.

त्यानंतर मात्र त्यांना सरळ सांगण्यात आलं, शनिवार बंद करा, नाहीतर संस्थेच्या चांदीपच्या शाळेत बदली. निवृत्ती जवळ आलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि तिकडे जायचं म्हणजे एसटीचे हाल. मी त्यांना विनवलं, “बाई, थोडे दिवस गप्प बसा ना.”

त्या माझ्यावरच उखडल्या. “शनिवार माझा असता तर सोडला असता. तो गावाचा झालाय. लोकांची वस्तू मी कशी सोडून देऊ?”

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या आल्याच नाहीत. सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी निघताना डबा पिशवीत टाकत एवढंच म्हणाल्या होत्या, “चांदीपला भात आहे. झोडणी आता येईलच.” मला रडू येत होतं, आणि अध्यक्षांचा असा राग आला होता की त्यांना नमस्कार करायलाही हात उचलेना. शनिवारी तिसरी-चौथीला एकत्र बसवून शुद्धलेखन घ्या, असा मला हुकूम होता. फाटकाला कुलूप लावायचं शिपायाला सांगितलेलं.

शुद्धलेखनाची पहिली ओळ सांगितली आणि बाहेर गलका ऐकू आला. जाऊन बघते तर फाटकापलीकडे तांडेल, वाडीवाले, दोन कोळणी आणि ती हातगाडी.

“बाई नाहीत आता,” शिपाई त्यांना समजावत होता. “बदली झाली त्यांची.”

“म्हाइत हाय,” तांडेल म्हणाले. “बाईची बदली केली. आमची कुठं करनार?”

शिपाई माझ्याकडे बघू लागला. मी अजून नोकरीत कायम झाले नव्हते. मागे सगळी मुलं व्हरांड्यात येऊन उभी राहिली होती. मी त्याला कुलूप काढायला सांगितलं.