मधलं पेडल

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून गाडीच्या ब्रेकची हवा काढली. तीन चाकांची निघाली, चौथं राहिलं.

"बास आता," ती वरून ओरडली. "पिंडऱ्या भरून आल्यात माझ्या. उरल्यालं चाक उद्या."

मी गाडीखाली पाठीवर पडलेलो. म्हणालो, "अगं, एकच तर हाय. पाच मिनिटांचं काम."

"तुमची पाच मिनिटं मला ठावं हायती. भाकरी कोण थापणार, तुमची गाडी?"

आणि गेली दार आपटून. त्या गाडीचं दार आपटल्याशिवाय लागतच नाही. त्यामुळे ती रागावलीय की नुसतं दार लावतेय, हे मला तीस वर्षांत कधी कळलं नाही.

सोमवारी ती गेली. ते पुढं सांगतो. आधी ब्रेकचं सांगतो, कारण नव्या गाड्यावाल्यांना यातलं काही ठाऊक नसतं. त्यांच्या गाडीला काही झालं की गाडीच त्यांना फोनवर कळवते.

माझी गाडी जुनी आहे. गोल डोळे, पिस्त्याचा रंग, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. निगडी प्राधिकरणातल्या एका रिटायर साहेबाकडून घेतली तेव्हाच म्हातारी होती, आता मी तिच्या पुढं गेलोय. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पेडल पावासारखं मऊ लागतं. तुम्ही दाबताय आणि गाडी आपली चाललीच आहे. मग प्रत्येक चाकामागं एक बारका पोकळ नट असतो, त्याला नळी लावायची, नळी बाटलीत सोडायची. वरून एकानं पेडल दाबून धरायचं, खालच्यानं नट सैल करायचा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. नट आवळायचा, मगच पेडल सोडायचं. असं एकेका चाकाला वीस-पंचवीस वेळा. नट आवळायच्या आत वरच्यानं पाय उचलला तर गेलेली हवा परत आत, आणि चला पहिल्यापासून.

म्हणजे काम दोन माणसांचं. खाली मी, वर ती.

माझे कान भोसरीच्या प्रेस शॉपनं, कंपनीतल्या पत्रा ठोकायच्या खात्यानं, खाल्ले. ती ओरडली तरच ऐकू येणार, आणि रविवारी सकाळी ऐंशी-शंभर वेळा ओरडायचं म्हणजे शेजारी भांडण सोडवायला येणार. म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या. पान्यानं चाकाच्या ड्रमवर एक ठोका, दाब. दोन ठोके, सोड. पेडल तळाला गेलं की ती डाव्या टाचेनं पत्र्यावर धप्प करायची, म्हणजे धरलंय. एकदा तिच्या भाच्याच्या लग्नातल्या आहेरावरून आमचं बोलणं बंद होतं. पाचव्या दिवशी रविवार आला. ती येऊन गाडीत बसली, मी खाली गेलो, चारी चाकं झाली. एक शब्द नाही. झाल्यावर उतरली, घरात गेली आणि पुढं आणखी चार दिवस बोलली नाही.

तिला गाडी चालवता येत नव्हती. शिकवायला एकदा बसवली. तेव्हा रहाटणीत आमच्या घरापुढं बिल्डिंगी नव्हत्या, रानं होती. पहिल्याच दिवशी तिनं गाडी सरळ भावकीतल्या एकाच्या कडब्याच्या गंजीत घातली. खाली उतरली, पदर झटकला आणि म्हणाली, "जमली की." त्यानंतर परत बसली नाही. म्हणायची, "तीन पेडलांतलं मधलं माझं. बाजूची दोन तुमची तुमाला लखलाभ." पाव्हण्यांना सांगायची, "गाडी हे चालवत्यात, थांबिवती मी."

पाव्हणे हसायचे. पण खरंच होतं ते.

एका रविवारी तिसऱ्या चाकावर होतो. पार शेवट आलेला, बुडबुडे थांबलेले. तेवढ्यात बोळातून मेथीवाली ओरडत गेली. वरून धप्प नाही, काही नाही, दार उघडल्याचा आवाज. नळीतलं तेल माझ्या डोळ्यांदेखत उलटं वर चढलं. मी तसाच सरपटत बाहेर आलो आणि जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती दोन जुड्या काखेत घेऊन उभी. म्हणाली, "मेथी काय रोज येत न्हाई. तुमचा ब्रेक रोज येतो."

रोज नव्हता येत. पण वर्षातून तीनदा तरी यायचा, कारण मी काही ना काही उघडून बसायचोच. गाडीला काही झालं नसलं तरी बघायला काय जातंय म्हणून उघडायचो. हे दुखणं ज्यांना आहे त्यांनाच कळेल.

निगडीला अशा लोकांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा जुन्या गाड्या पुसून पुसून आणतात आणि ओळीनं लावून एकमेकांची बॉनेटं उघडून बघतात. त्यांच्यात मोठमोठे साहेब आहेत. टोप्या, टी-शर्ट, त्यावर गाडीचं चित्र. आम्ही दोघं एकदा गेलो. तिनं मागच्या सीटवर डबा, पाण्याची कळशी आणि शेजारणीला द्यायची चटणी असं सगळं घेतलं. एका टोपीवाल्यानं गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "काका, सगळं ओरिजिनल आहे का?"

मी म्हणालो, "ओरिजिनल तर मी बी न्हाई. दात बदललेत."

ती मागून म्हणाली, "बायको ओरिजिनल हाय, लिवून घ्या."

त्या टोपीवाल्यानं आमचा तिघांचा फोटो काढला. तिघांचा म्हणजे गाडी धरून.

तर सोमवार. पहाटे उठली, चहा ठेवला, आणि उंबऱ्यावर बसली. छातीत जड वाटतंय म्हणाली. मी सवयीनं किल्ली घेतली. मग आठवलं, गाडीचं पुढचं उजवं चाक काढलेलं, खाली लाकडी ठोकळे. मुलानं त्याची गाडी काढली. तो चाकणला कंपनीत आहे, नुकताच शिफ्टवरून आलेला, अंगात अजून कंपनीचा शर्ट. ती मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकली होती. म्हणाली, "ह्या गाडीत बसल्यालं कळतच न्हाई वो. आवाज न्हाई, काय न्हाई." दुपारच्या आत सगळं संपलं.

माझी गाडी उभी असती तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरला काय विचारता.

दिवस झाले, माणसं पांगली. गाडी ठोकळ्यांवर तशीच. चौथ्या चाकाची हवा काढायची होती, आणि वर बसायला माणूस नव्हता. म्हणजे माणसं होती. प्रेस शॉपमधला माझा जुना सोबती आला. तोही माझ्यासारखाच बहिरा. म्हणाला, "चल राव, पेडल दाबायलाच माणूस पायजे ना? मी बसतो." त्यानं दार उघडलं, एक पाय आत टाकला.

मी म्हणालो, "तिथं नको बसू."

"मंग कुठं बसू, टपावर?"

मी दार धरून ठेवलं. त्यानं पाय बाहेर काढला, दार लावलं. लागलं नाही, म्हणून परत आपटलं. मग आम्ही चहा घेतला आणि कुणाची पेन्शन किती यावर बोललो. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू येडा हायेस." मी म्हणालो, "व्हय."

मग मी एकट्यानं करून बघितलं. सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी ठोकायची, पळत खाली जायचं, नट सैल करायचा, आवळायचा, वर यायचं, काठी काढायची. दोन फेऱ्यांत माझी कंबर गाडीखालीच राहिली. सुनेनं मला पाय धरून ओढून बाहेर काढलं. ती आयटीत आहे, घरूनच काम करते. कानाला यंत्र लावलेलं, तिकडं कुणाशी इंग्रजीत बोलत होती आणि इकडं मला ओढत होती.

पावसाळा गेला. ब्रेकचं तेल हवेतली ओल पितं, हे जुन्या गाडीवाल्याला सांगावं लागत नाही. चौथं चाक राहिलं ते राहिलंच, आधीच्या तिन्हींतलं तेलही आता बाद झालेलं असणार. सगळं ओतून नवं भरायचं. आणि मला ते ओतायचं नव्हतं. त्या तिन्ही चाकांत तिच्या पायानं दाबलेलं तेल होतं. हे मी कुणाला बोललो नाही, बोलण्यासारखं आहे का ते?

दिवाळीनंतर सुनेनं बॅटरीवरची गाडी बुक केली. तिला चार्जिंगचा पॉइंट पाहिजे, आणि तो बसणार बरोबर माझ्या गाडीच्या जागी. मुलगा हळूच म्हणाला, "आबा, चालती करा न्हाईतर कुणाला तरी देऊन टाका. नुसती उभी ठिवून काय उपेग?" तो निगडीचा टोपीवाला तर टपूनच होता. दर दोन दिवसांनी फोन. "काका, गाडी चांगल्या घरी जाईल. छपराखाली राहील, कव्हर घालीन." मुलीचं स्थळ आणल्यासारखा बोलायचा. मी एकदा वैतागून म्हणालो, "या रविवारी. ओढून न्यावी लागेल, ब्रेक न्हाई." तो म्हणाला, टोइंगची गाडी घेऊनच येतो.

शनिवारी संध्याकाळी सुनेनं माझ्यापुढं एक खोकं ठेवलं. आत नळी. नळीच्या तोंडाला एक वाल्व, तेल बाहेर जाऊ देतो, हवा आत येऊ देत नाही. म्हणजे वर बसून एकट्यानंच पेडल मारत राहायचं, खाली कुणी लागत नाही.

"मामा, मी व्हिडिओ बघितला," ती म्हणाली. "एकट्या माणसाला जमतंय. उद्या तो यायच्या आत करून टाका, मग गाडी द्यायची का ठेवायची ते तुम्ही ठरवा."

मी खोकं तिच्याकडं सरकवलं. "एकट्याचं काम न्हाई ते. दोघांचं हाय."

"मग मी बसते वर."

"नको."

"हे बसतील."

"नको म्हणतो ना!"

माझा आवाज चढला. ती गप्प राहिली नाही. गावातली सून आहे, माझ्याच तालुक्यातली. "मामा, तुमाला मदत नकोय. तुमाला आईच पायजेत. त्या मी कुठनं आणू?"

मुलगा ताटावरून उठला. मी जेवत राहिलो. भाजी कसली होती आठवत नाही.

सकाळी उठून मी मुलाच्या खोलीचं दार वाजवलं.

"उठ. गाडीखाली जा."

"मी?" त्याचे डोळे अजून मिटलेले. "आबा, आज सुट्टी हाय माझी."

"मग कवा जाणार? जा. मी वर बसतो."

तिच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवणं माझ्याच्यानं होत नव्हतं. माझी जागा कुणालाही द्यायला माझी ना नव्हती. तिथं काय, कचरा आणि ग्रीस.

गाडीत बसलो. सीट तिनं पुढं ओढून ठेवलेली, माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. मी सीट मागं घेतली नाही. मुलगा खाली गेला. सुनेनं बॉनेट उघडून नवं तेल ओतायला घेतलं. मुलाला आमच्या खुणा ठाऊक नव्हत्या. तो कंपनीतल्या सुपरवायझरसारखा खालून ओरडायला लागला आणि मला काही ऐकू येईना, म्हणून सून खिडकीशी येऊन माझ्या कानात ओरडायची. "दाबा! धरा! मामा, अजून न्हाई, अजून न्हाई! आता सोडा!" समोरच्या बिल्डिंगीतली माणसं गॅलरीत आली.

दुसऱ्या चाकाला माझी पिंडरी भरून आली. त्या सीटवरून समोर फक्त भिंत दिसते, भिंतीवर ओलीचा डाग. बाकी काही नाही. तीस वर्षं ती हेच बघत बसली होती. मी खाली असायचो, मला बुडबुडे दिसायचे, बाटली भरताना दिसायची, मी आपला मजेत.

मुलानं काळं तेल भरलेली बाटली वर धरली. "बघा आबा, कसलं झालंय."

"दावू नको," मी म्हणालो. "काम कर."

तिसरं झालं. चौथं आलं. दहा-बारा वेळा दाबल्यावर पायाखाली पेडल कडक व्हायला लागलं. अजून खाली बुडबुडे येत होते, मुलगा "अजून, अजून" करत होता, पण माझ्या तळव्याला कळलं की झालंय. वरच्याला आधी कळतं. हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे तिला दर वेळी माझ्या आधी कळत असणार, आणि तरी मी दोन ठोके मारेपर्यंत ती धरून बसायची. कधी म्हणून बोलली नाही. मेथीच्या दिवशीसुद्धा तिला ठाऊक असणार की झालंय.

मला हसू आलं. सून बघत राहिली.

"काय झालं मामा?"

"काय न्हाई. त्याला सांग, झालं. आवळ म्हणावं."

चाक बसवलं, ठोकळे काढले. टोपीवाल्याला फोन लावला. "साहेब, टोइंगची गाडी आणू नका. चहाला या." तो पलीकडून काहीतरी बोलत होता, मला ऐकू आलं नाही, मी फोन मुलाच्या हातात दिला.

बॅटरी मेलेली. दोघांनी ढकलली. बोळाच्या उताराला एकदा खोकली, मग चालू झाली. मी मेथीवालीच्या वळणापर्यंत नेली आणि मधलं पेडल दाबलं. जागच्या जागी थांबली. मागून पळत येणारा मुलगा डिकीवर आदळला आणि मला शिवी घालता घालता राहिला.

मग गाडी मागं आणली आणि पलीकडच्या भिंतीला, पेरूच्या झाडाखाली लावली. सुनेला मोकळ्या जागेत उभं केलं आणि हातात खडू दिला.

"कुठं पायजे तुझा पॉइंट? खूण कर. भोक मी पाडतो."