पुलाऐवजी आलेला दगड

आमची सॅपर कंपनी ब्रह्मदेशात होती. सॅपर म्हणजे फौजेच्या पुढं जाऊन पूल बांधणारे. मी नाईक होतो. माझ्याच गावचा परशराम माझ्या हाताखाली होता. आमचं गाव कणकुंबीच्या वरल्या रानात, ओढ्यापलीकडं. पावसाळाभर गाव तुटतं. परशाची बायको बाळंतपणात अडली आणि पाणी उतरायची वाट बघत काठावरच गेली. पुढं भरतीवाला साहेब आला. म्हणाला, "पोरं द्या, पूल देतो." म्हणून परशा फौजेत गेला.

एका दुपारी वायरलेसवर हुकूम आला.

"रणगाडे अडलेत. अंधाराच्या आत पूल पाहिजे. ओव्हर."

"समोरून फायर येतंय, सर. ओव्हर."

"पूल पाहिजे. आउट."

बांधला. लोखंड, फळ्या, मागू ते येत होतं. परशा कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून उभा होता. तिथंच त्याला गोळी लागली. "अण्णा, दोर धर," एवढंच बोलला. रणगाडे पलीकडं गेले.

लढाई संपल्यावर मी बेळगावच्या कचेरीत पुलाचं विचारायला गेलो. तिथला साहेब म्हणाला, "बजेट नाही." माझं डोस्कंच फिरलं. रणगाड्याला एका दुपारीत पूल, आणि अडलेल्या बाईला बजेट नाही? आणि मग सरकारकडनं आलं काय, तर दगड. लांबलचक, घासूनपुसून गुळगुळीत, वर परशाचं नाव. चावडीपुढं उभा करा म्हणे. केला उभा. नाव कोरायला बरं बजेट होतं!

मग आम्हीच कंबर कसली. घरटी एक माणूस कामाला आला. दगड रानातला, चुना आम्हीच भाजला. मी खांब आखून दिले. वर फरशा बसत गेल्या, पण मधल्या दोन खांबांमधल्या गाळ्याला पुरेल एवढा लांब दगड मिळेना. सगळ्यांची नजर चावडीकडं जायची आणि खाली वळायची.

परशाची आई गंगाक्का म्हणाली, "त्यो घ्या की."

नावावर पाय पडू नये म्हणून गवंडी अक्षरं खाली करायला लागला. म्हातारी कडाडली.

"पालथा नगं घालूस रं त्याला. नाव वर ऱ्हाऊ दे. पुलासाठीच गेलता त्यो."

दगड बसला, पण कुणी पाऊल टाकेना. गंगाक्कानं वहाणा काढून हातात घेतल्या आणि परशाच्या नावावरनं पलीकडं गेली. मागनं सगळं गाव, अनवाणी.

पावसाळ्यात कचेरीतला तोच साहेब पूल बघायला आला. लई खूश झाला. बुटासकट निघाला होता. मी आडवा आलो.

"बूट काढा, सर. आमचा परशा हाय इथं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी हललो नाही. मग वाकला आणि नाड्या सोडायला लागला.