वर काय घालणार?

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकदाही भाव केला नाही. समोरचा सांगेल ती रक्कम द्यायची आणि निघताना त्याच्याच मुलाबाळांची चौकशी करायची, ही त्यांची खरेदी. ते बाजारात दिसले की भाजीवाल्यांचे चेहरे उजळत. म्हणून नारळापासून बैलापर्यंत कुठलाही सौदा असला की मी सोबत जायचं, असा आमच्या घरात नियम होता. नियम मीच केला होता.

पनवेलला आमच्या दोन बैलगाड्या होत्या. भातगिरणीतून तांदळाची पोती उचलायची आणि बंदरावर नेऊन टाकायची, एवढाच धंदा. एका पावसाळ्यात गिरणीच्या शेठनी ह्यांना बोलावून सांगितलं की यापुढे माल सडकेने ठाण्याला जाणार. दिवाळीनंतर नवं भात यायच्या आत ट्रक घेतलात तर काम तुमचं, नाहीतर माणसं पुष्कळ आहेत.

त्या काळी नवा ट्रक घ्यायचा म्हणजे चासी घ्यायची. इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि मागे लोखंडाच्या दोन लांब तुळया. ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्पर नाही, मालाखाली फळी नाही. ती बॉडी ज्याची त्याने बांधून घ्यायची. आमच्याजवळ पैसे होते ते चासीपुरते. बॉडीचे नव्हते. आणि उघड्या चासीवर तांदळाचं पोतं काही ठेवता येत नाही. तेव्हा बॉडीचा खर्च चासीच्या भावातूनच सोडवायला हवा होता, आणि तो सोडवायचा कोणी, तर मी. ट्रकचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली एवढं मला ओळखता येत होतं. त्यापलीकडे अंधार.

एसटीने उरणला गेलो, मोरा बंदरातून लाँच धरली. भाऊचा धक्का येईपर्यंत हे मला समजावत होते की मुंबईच्या दुकानांत भाव ठरलेले असतात. मी म्हटलं, "पापलेटचाही ठरलेलाच असतो. दुसऱ्यांदा विचारेपर्यंत."

पहिल्या दुकानात सुटाबुटातल्या माणसाने आकडा सांगितला. मी निम्मा सांगितला. तो हसला, मी हसले नाही. मग मी ठेवणीतला डाव टाकला: उठून चालू लागले. आमच्या बाजारात कोळणीपुढून असं उठलं की चार पावलांत हाक येते, "ओ ताई, या मागं, तुमचं नाय नि माझं नाय." इथे चार पावलं झाली, रस्ता ओलांडून झाला, हाक नाही. वेळ मिळावा म्हणून मी कोपऱ्यावर चपलेचा अंगठा नीट करत बसले. तेवढ्यात दरवान बाहेर आला. मला वाटलं, आलं बोलावणं. तो आत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"आता?" हे म्हणाले.

"आता दुसरं दुकान," मी म्हटलं. दिवाळी जवळ येत होती, आणि चपलेचा अंगठा आता खरंच निघाला होता.

दुसरं दुकान भायखळ्याला. तिथला टायवाला मुलगा फार सभ्य होता, पण भाव तोच, रुपयाचाही फरक नाही. भावावर गाडं अडलं की काय करायचं हे मात्र आमच्याकडे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. कोळीण वाटा स्वस्त करत नाही. ती वर घालते. मूठभर कोलंबी, दोन बोंबील. ह्यालाच वर म्हणतात, आणि वर घेतल्याशिवाय शहाणी बाई टोपलीपुढून हलत नाही. मी त्या मुलाला म्हटलं, "भाव राहू दे तुमचा. वर काय?"

त्याने जिन्याकडे बोट केलं. "वर मोठे साहेब बसतात. पण ते कुणाला—"

मला वाटलं, दुकान मोठं, तेव्हा वर घालायचं खातंही वेगळं असणार. ह्यांनी माझी पिशवी धरली. पिशवी त्यांच्याच हातात सोडून मी जिना चढले.

साहेब म्हातारे होते आणि डबा खात होते. कोण हवंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खालच्या मुलाने पाठवलं, वर तुम्ही घालता म्हणून. साहेब घास हातात तसाच ठेवून इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी मलाच ओतून द्यावं लागलं. त्यांचं आजोळ अलिबागेकडचं निघालं. हसू ओसरल्यावर मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं की भाव कंपनीचा, त्यातला एक पैसा त्यांच्या हातात नाही. वर म्हणून जॅक आणि ताडपत्री देतो म्हणाले.

मी बॉडीचं विचारलं. ते काम आमचं नाही, म्हणाले. मी उठले नाही. उठून काय होतं ते सकाळीच पाहिलं होतं. साहेब परत जेवू लागले आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. खाली मागच्या अंगणात लाकडाचा डोंगर होता. बोटीतून सुटे भाग ज्यात येत ती खोकी, फोडून रचून ठेवलेली.

"त्या फळ्यांचं काय करता?"

"त्या होय? भंगारवाला नेतो."

"मग त्या वर घाला."

"किती?"

"चासीवर मावतील तेवढ्या."

साहेब म्हणाले, मग ताडपत्री परत घेतो. मी म्हटलं, "साहेब, टोपलीत पडलेली मासळी कोळीणसुद्धा परत काढत नाही."

असे आम्ही ठाण्यावरून, मुंब्र्यावरून घरी आलो: भाड्याचा ड्रायव्हर एका खोक्यावर, मागे दोरखंडाने बांधलेल्या फळ्या, फळ्यांवर हे दोन्ही हातांनी टोपी धरून, आणि मी शेजारी तोंडावर पदर घेऊन. धुळीमुळे, लाजेमुळे नव्हे. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, ट्रक आणायला गेला होतात की सरपण?

मला वाटलं होतं, जिंकले. आमच्या आळीत गाड्या बनवणारा सुतार होता. त्याने एक फळी उचलली, नख मारून पाहिलं आणि खाली ठेवली.

"वैनी, ह्ये खोक्याचं लाकूड हाय. बाजूंना चालंल. पन पोत्यांखाली तळाला नाय टिकायचं. तळाला ऐनाचं लाकूडच पायजे."

ऐनाचे पैसे कुठले? मी बोलत सुटले: उधारीवर मिळेल, पुन्हा भायखळ्याला जाते, साहेबांशी बोलते. अंगणात आमच्या दोन्ही गाड्या उभ्या होत्या, जुन्या, ऐनाच्या, ह्यांच्या वडिलांनी बांधून घेतलेल्या. ह्यांनी एकीच्या साट्यावर, पोती ठेवायच्या तळावर, हात ठेवला.

"ह्या मोडा," ते सुताराला म्हणाले.

सुतार म्हणाला, ट्रक नाय चालला तर मागं जायला गाडी नाय उरायची, मालक.

"मोडा म्हटलं ना."

भाव न करणारा माणूस एकदा ठरवतो तेव्हा कसा ठरवतो, ते मी तेव्हा पाहिलं. मला एक शब्द सुचला नाही, ही आमच्या घरातली मोठी घटना आहे.

दिवाळीनंतर ट्रक गिरणीच्या दारात लागला. खाली ऐन, बाजूला विलायती खोकं, त्यावर परदेशी अक्षरं, काही उलटी. हमाल हसले. शेठनी पहिलं पोतं चढवायला सांगितलं. मग दुसरं, मग थर लागत गेले. हे तोवर ट्रक चालवायला शिकले होते, ते समोर स्टिअरिंग धरून बसले होते, मागे बघत नव्हते. मी मात्र फळ्यांना कान लावून उभी होते. वरचा थर बसला तेव्हा एक फळी करकरली, चांगली लांब करकरली, आणि थांबली. तळ हलला नाही. हमालाने दोर आवळला, शेठनी ठाण्याच्या पेढीचा पत्ता सांगितला आणि ट्रक निघाला.