वाकलेल्या गड्याला धरू नये

"बशीर औट!" मी ओरडलो. पण ऐकतो कोण? पाहुणे म्हणून आलेले तालमीचे वस्ताद मैदानात उतरून बशीरच्याच डोक्याला फेटा बांधत होते.

पन्नासच्या सुमाराची गोष्ट. मी कोल्हापुरात एका हायस्कुलात ड्रिल मास्तर होतो. ट्रेनिंगला असताना बेसबॉल शिकलो होतो आणि त्या खेळावर माझा जीव जडला होता. हेडमास्तरांचा मात्र नाही. "मास्तर, एक मॅच सुरळीत पार पाडा," ते म्हणाले होते. "दंगा झाला तर बॅटी माळ्यावर!" आणि स्वतःच पाहुणे म्हणून बोलावलं, तर वस्तादांना. मी कपाळाला हात लावला.

या खेळात चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. फटका बसला की रनर बेसवरून बेसवर पळतो. शेवटचा बेस होम. तो गाठला की एक रन. भानगड वाटेची असते. फटक्याचा चेंडू उचलणाऱ्या फील्डरला रनरने वाट द्यायची, नाहीतर रनर औट. चेंडूशी संबंध नसताना फील्डर आडवा आला, तर चूक फील्डरची. घसा कोरडा करून हे मी शिकवलं होतं. पोरं नुसती "व्हय मास्तर" म्हणायची.

शेवटचा डाव, दोन्ही शाळा बरोबरीत. आमचा बशीर तिसऱ्या बेसवरून होमकडे सुटला. चेंडू त्याच्याच वाटेवर घरंगळत आला, आणि मंगळवार पेठेतल्या शाळेचा म्हादू तो उचलायला वाकला. बशीर वस्तादांचा चेला. त्यानं म्हादूची कंबर धरली, उचलला आणि आपटला पाठीवर. मग ऐटीत होमवर जाऊन उभा राहिला. सगळं मैदान शिट्ट्यांनी दणाणलं.

"चीतपट केला की पोरानं! औट कसा?" वस्ताद माझ्यावर खेकसले. हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले होते. गेला आपला खेळ, असं मला वाटलं.

"वस्ताद, सलामी व्हायच्या आधी गडी माती घ्यायला वाकलाय, आणि दुसऱ्यानं त्याला मागून धरला. चालेल?"

"कसं चालंल? ती काय कुस्ती न्हवं!"

"म्हादूसुद्धा चेंडू घ्यायलाच वाकला होता."

वस्तादांनी बशीरच्या डोक्यावरचा फेटा उतरवला आणि त्यालाच म्हादूला बांधायला लावला. "वाकल्याल्या गड्याला धरायचं न्हाय!" ते गरजले. लोकांनी टाळ्या पिटल्या. मॅच बरोबरीत सुटली. हेडमास्तर म्हणाले, "चालू ठेवा खेळ." मला आभाळ ठेंगणं झालं.

पुढच्या महिन्यात त्याच शाळेशी पुन्हा मॅच लागली. बशीरचा पहिलाच फटका लांब कुंपणापर्यंत गेला. तो पळाला आणि पहिल्याच बेसपाशी अडखळून थांबला. बघतो तर तिथला फील्डर वाटेत वाकलेला. पुढच्या बेसवर दुसरा वाकलेला. तिसऱ्यावर म्हादू.

"चेंडू तिकडं कुंपणाला, आणि तुम्ही काय करताय रे?"

"वाकलोय की मास्तर! आता कोण धरतंय?"

याही वेळी पाहुणे म्हणून आलेल्या वस्तादांनी खुर्चीतून मान डोलावली. "बरोबर हाय."

ती सगळी दुपार मी वाकलेल्यांना उठवण्यात घालवली. नियम सांगताना ऐकणाऱ्याच्या आवडीचा दाखला कधी देऊ नये. त्याच्या डोक्यात दाखला राहतो, नियम जातो.