शाकीब पेंटर, अकोला

बाळापूर नाक्यापासून मूर्तिजापूरच्या रस्त्यापर्यंत एक काळ असा होता, का गयास पेंटरच्या हातचा बोर्ड नसलेलं दुकान सापडत नव्हतं. गयासुद्दीन त्याचं पुरं नाव. त्याचे दोन नियम होते. बोर्ड पुरा झाला का खाली कोपऱ्यात आपलं नाव टाकाचं. पोरगा शाकीब नववीतून शाळा सोडून हाताखाली आला, तवा त्यानं इचारलं, “अब्बा, काहून?”

“रंग उडला त लोकाईनं गचांडी कोणाची धराची? नाव टाकत नाही तो रंगारी. टाकते तो पेंटर.”

दुसरा नियम असा, का दुसऱ्यानं लिहिलेल्या बोर्डावर नुसता रंगाचा हात फिरोला असन त आपलं नाव टाकाचं नाही. टाकलं त ते चोरी.

शाकीब ह्या दोन नियमावर मोठा झाला. हात असा बसला होता का शेवटचं अक्षर संपलं का ब्रश आपल्या आपण खाली उतरे आन् ‘शाकीब, अकोला’ लिहून मंगच थांबे. डोकं तवा कुठं बी असो.

कापसाले भाव होता तवर खेड्याखेड्यातल्या भिंती रंगोयाचं काम राहे. बियाण्याची बोंडं, खताच्या गोण्या, फवारणीचे डबे. मंग बोंडअळी आली, भाव पडला, आन् कंपन्याईनं भिंती सोडल्या. शहरात फ्लेक्स आला. दुकानदार म्हणत, “शाकीबभाऊ, फ्लेक्स एका तासात भेटते. तू त आधी चुना मारतं, मंग वाळू देतं, मंग चहा पेतं.” गयास पेंटर गेला त्या वर्षी शाकीबनं फक्त दोन बोर्ड लिहिले. त्यातला एक कबरस्तानचा.

मुंबईच्या एका एजंटानं त्याले तेलाच्या जहाजावर लावून देलं. डेकवर गंज खरडाचा आन् रंग माराचा. अम्मी बिल्कीस म्हणे, “मोर्णा नदीत पाय टाकाले भेत होता, आन् समुद्रात चालला?” पण गेला.

जहाजावर बारा देशाचे लोकं. त्यात इंजनघरातून एक दिवस आवाज आला, “अबे काहून मारून राहिला बे मले, हात काढ ना!” कोणीतरी कोणाले ढकललं होतं. शाकीबले वाटलं आपण अकोल्याच्या बसस्टँडवरच उभे आहो. ओरडणारा होता सुगत, चांदूर बाजारचा. तवापासून दोघं एका ताटात जेवले. सुगतचं लग्न जमलं होतं, ज्योत्स्ना नावाच्या नर्सबाईसंग. दिवाळीनंतरची तारीख. येता जाता तेच सांगे.

हे जहाज सरळ नव्हतं, हे दोघाईले हळूहळू समजलं. मोठ्या देशाईनं एका देशाले वाळीत टाकलं होतं. त्याचं तेल कोणी घ्याचं नाही, कोणी वाहाचं नाही. पण वाळीतल्या घरचं दूध जसं मागच्या दारानं निंगते, तसं ते तेल भरसमुद्रात ह्या जहाजातून त्या जहाजात जाये. जहाज कुठं हाय हे जगाले सांगणारं यंत्र कप्तान बंद करून ठेवे. आन् एक दिवस त्यानं शाकीबले बोलावलं. जहाजाच्या मागच्या अंगावरचं नाव खरडून दुसरं लिहाचं. जुनं नाव काय, नवं काय, ते सांगून फायदा नाही. दोन्ही खोटेच.

दोराच्या झोपाळ्यावर बसून शाकीब पाण्यावर लोंबकळला. खाली जहाजाचा पंखा पाणी घुसळून राहिलेला, वर ऊन. पण लय दिवसानं हातात अक्षरं आली होती. माणसाएवढी अक्षरं! त्यानं अशी ओळ धरली, असा गोलावा काढला, का वरून पाहणारे शिट्ट्या मारू लागले. शेवटचं अक्षर झालं आन् ब्रश खाली उतरला.

वर आल्यावर सुगतनं मोबाईलात फोटो काढला, मोठा करून पाह्यला. “बाप्पा! तुनं नाव टाकलं का बे?”

शाकीबनं पाह्यलं. कोपऱ्यात, छोटं, मराठीत. शाकीब, अकोला.

“पुसतो ना जाऊन,” तो म्हणे. पण झोपाळा गुंडाळून झाला होता, आन् कप्तान घाई करून राहिला होता. खरं सांगाचं त त्याले पुसावंसं बी वाटलं नाही. “राहू दे. समुद्रात कोण वाचते मराठी?”

मुंबईच्या समोर तटरक्षक दलाची बोट आली आन् त्याईनं ते वाचलं.

कप्तानानं आधीच सगळ्याईले डेकवर गोळा करून बजावलं होतं. जहाजाचं नाव पहिल्यापासून हेच हाय. सगळे हेच बोलले त जहाज सुटन, पासपोर्ट भेटतीन, घरी जासान. कोणी तोंड उघडलं त सगळे इथंच सडसान.

अधिकारी रत्नागिरीकडचा होता. कागद चाळून झाल्यावर त्यानं इचारलं, “शाकीब कोण?”

शाकीब पुढं झाला.

“जहाजाच्या कागदांवर नाव दहा वर्षांचं जुनं आहे. मग त्याखाली अकोला कुठून आलं?”

कप्तान मधातच हसून इंग्रजीत काहीतरी बोलला. अधिकाऱ्यानं ते शाकीबले सांगितलं. “हे म्हणतात, नाव जुनंच आहे. तुम्ही फक्त त्यावर रंगाचा हात फिरवलात आणि गंमत म्हणून सही केलीत. खरं आहे?”

एक ‘हो’ पाहिजे होता फक्त. मागून सुगत दातातल्या दातात म्हणे, “हो म्हण, शाकीब. माह्या लग्नाची शपथ हाय, हो म्हण.”

शाकीबच्या तोंडात हो आला बी होता. पण हात फिरोला आन् नाव टाकलं, हे तो बोलूच शकत नव्हता. ते त अब्बाच्या हिशोबानं चोरी. चोरटं तेल वाहाचं पाप त्याच्या माथी येत नव्हतं, ते कप्तानाचं, मालकाचं. पण हे अक्षरं त्याचे होते.

“नाही साहेब,” तो म्हणे. “हात नाही फिरोला. जुनं खरडलं मी, आन् हे पुरं नवं लिहिलं. माह्या हातचं हाय.”

जहाज तिथंच अडकलं. रात्री मुंबईचे दिवे दिसत, पण उतरता येत नव्हतं. एसी बंद पडला, पिण्याचं पाणी मोजून येऊ लागलं. सुगत त्याच्याशी बोलेना. जेवाले दुसऱ्या कोपऱ्यात बसे. दिवाळी झाली. लग्नाची तारीख आली आन् गेली. त्या दिवशी सुगत दिवसभर रेलिंगले टेकून उभा होता, आन् शाकीब त्याच्यामागं, दहा हात दूर. जवळ जायाची हिंमत झाली नाही, आन् सोडून जायाची बी नाही.

मालकाचा शोध चालू होता. कागदावर एक कंपनी होती. तिच्या मागं दुसरी. तिचा पत्ता म्हणजे कुठल्यातरी बेटावरचं कुलूप. झेंडा ज्या देशाचा, तो देश म्हणे आम्ही ह्या जहाजाले ओळखतच नाही. अधिकारी पुन्हा आला तवा त्यानं हे सांगितलं, आन् सुगत एकदम हसाले लागला. कितीक दिवसानं हसला.

“पाह्य बे,” तो शाकीबले म्हणे, “एवढं आगगाडीएवढं जहाज, एवढं करोडाचं तेल, आन् गचांडी धराले सापडला फक्त अकोल्याचा पेंटर.”

नाव कप्तानाच्या हुकमानं बदललं, ह्या शाकीबच्या जबाबावरून मजुरीवाले लोकं वेगळे काढल्या गेले आन् त्याईले घरी सोडलं. शाकीबले मात्र साक्षीसाठी अजून थांबा लागलं. सुगत गावी जायाच्या आधी अकोल्यात उतरला, बिल्कीसच्या हातचं जेवला आन् म्हणे, “अम्मी, पोरगा धड हाय. अक्कल नाही, पण धड हाय.”

लग्न उन्हाळ्यात झालं. चांदूर बाजारले घराच्या भिंतीवर नवरानवरीचे नावं लिहाले शाकीब आला. ज्योत्स्नानं निरोप धाडला होता, “माही तारीख बुडोली. त्या पेंटरले म्हणा, मजुरी भेटणार नाही.”

त्यानं चुना मारला, वाळू देला, चहा पेला. निळ्या रंगात ‘सुगत’ लिहिलं, ‘ज्योत्स्ना’ लिहिलं. शेवटचं अक्षर झालं आन् ब्रश खाली उतरला. पण ह्या वेळेस मधातच थांबला. जहाजावरून आल्यापासून त्यानं कुठंच नाव टाकलं नव्हतं.

सुगत मागं हळदीच्या अंगानं उभा होता.

“टाक ना बे. रंग उडला त कोणाले शोधू मी?”