मिस्त्रींचा डोळा आणि वहिनींचा दात

माझं काम म्हणजे उभं राहणं. डॉक्टर मॅडम खुर्चीच्या एका बाजूला स्टुलावर बसतात, दुसऱ्या बाजूला मी उभी, हातात थुंकी ओढायची नळी. संध्याकाळपर्यंत पायांचे तुकडे पडतात. आणि दिवसभर ऐकायचं काय, तर लोकांची गाऱ्हाणी. दोन दातांत फट आहे. एक पुढे आलाय. चहाने पिवळे पडलेत. कडेचा टवका उडालाय. आणि शेवटी सगळ्यांचं एकच, "मॅडम, छान पांढरेशुभ्र करून द्या ना." अहो, किती पांढरे? दात आहेत की बेसिन?

मॅडम बिचाऱ्या न चिडता प्रत्येकाला समजावतात. नुसते पिवळे असतील तर औषध लावून उजळता येतात. टवका उडाला असेल तर दाताच्याच रंगाचा मसाला भरून तासायचा. फट किंवा डाग मोठे असतील तर पुढून पातळ कवच चिकटवायचं, त्याला व्हिनियर म्हणतात. दात फारच गेला असेल तर कॅप. वाकडे असतील तर तारा, पण त्याला धीर लागतो, आणि धीर हल्ली कुणाकडे असतो? मला हे सगळं इतकं पाठ झालंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

ही कवचं आणि कॅप बनवणारे ते आमचे मिस्त्री. रीतसर शिकलेले तंत्रज्ञ, पण मिस्त्री हे नाव कुणी पाडलं कोण जाणे, आता मॅडमसुद्धा तेच म्हणतात. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल, खिडकीला चिकटून. बाजूला छोटी भट्टी, काचेवर कालवलेली सिरॅमिकची पूड आणि बारीक कुंचले. त्या कुंचल्यांना कुणी हात लावला तर त्याची खैर नाही. मी एकदा टेबल पुसताना एक सरकवला होता, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मलाही बरंच वाटलं म्हणा, तेवढीच शांतता.

त्यांचा एक नियम होता. मॅडमनी तोंडात हात घालायच्या आधी ते बाहेर यायचे, माणसाला खिडकीशी उभं करायचे आणि रंगांची पट्टी काढायचे. नमुन्याचे दात ओळीने लावलेली ती पट्टी, त्यातला एकेक दाताशेजारी धरून बघायचं. "आधी रंग, मग बाकीचं," म्हणायचे. "तोंड उघडं राहिलं की दात सुकतो, आणि सुकला की उगाच पांढरा दिसतो. मग बसा बोंबलत." दुसरी त्यांची खोड म्हणजे प्रत्येक दातात काहीतरी उणं ठेवायचे. एक पुसटशी रेघ, मुळाशी जराशी पिवळट झाक. पेशंटने तक्रार केली की म्हणायचे, "निर्दोष पाहिजे? मग फरशी बसवून घ्या." मॅडम मग गोड बोलून सारवासारव करायच्या.

तर अशा माणसाचा रंग चुकायला लागला.

पहिल्यांदा मला वाटलं, आपलेच डोळे शिणलेत. कॅप शेजारच्या दाताला लावून बघितली तर ती एकटीच चमकत होती. परत पाठवली. मग आणखी एक. मग पुढच्या दातांचं प्रत्येक काम. पट्टीवरचे पिवळट नमुने त्यांना वेगळे दिसेनातच. मॅडमनी एकदा अगदी जपून विषय काढला, "मिस्त्री, चष्मा तपासून घेतलात का?" त्यांचा चेहरा असा उतरला की मॅडमनीच घाईघाईने हवापाण्याचं काढलं. त्यानंतर पुढचे दात गुपचूप बाहेरच्या लॅबमधून यायला लागले आणि मिस्त्रींकडे फक्त दाढा उरल्या. दाढ कोण बघतं? ते आपले म्हणायचे, "सध्या लोक पुढचे दात करत नाहीत वाटतं," आणि मी म्हणायचे, "हो ना." दिवसभर उभं राहून दमत नाही इतकी मी त्या एका "हो ना"ने दमायचे.

आणि त्यातच वहिनी पडल्या.

वहिनी म्हणजे मिस्त्रींची बायको. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसतात, दिवसभर लोकांशी तोंडाला तोंड. तिथल्याच पायऱ्यांवर घसरल्या आणि वरचा पुढचा दात मोडला. नेमका तो, जरासा तिरका, शेजारच्यावर चढलेला. वहिनींचं हसू म्हणजे तोच दात होता. आल्या त्या रुमाल तोंडाला धरून, मागे मिस्त्री.

मॅडमनी तपासलं, म्हणाल्या, "मूळ शाबूत आहे, कॅप बसेल. आणि वहिनी, करतोच आहोत तर शेजारचेही व्हिनियर लावून सरळ करून टाकू. छान ओळ दिसेल."

"अजिबात नाही," मिस्त्री म्हणाले. "मग हसल्यावर मी हिला ओळखायचं कसं?"

"इतकी वर्षं आवाजावरूनच तर ओळखताय," वहिनी रुमालाआडून म्हणाल्या.

मॅडमनी मला बाजूला ओढलं. "बाहेर देऊ या का गं?" मी म्हटलं, "आणि त्यांना काय सांगायचं? बायकोचा दात दुसऱ्याकडून करून घेतला?" त्यांना दिला तर रंग चुकणार आणि तो वहिनींच्या तोंडावर राहणार. नाही दिला तर त्या माणसाला कळणार, की त्याचा डोळा गेलाय आणि आम्हा सगळ्यांना ते कधीचं माहीत आहे.

तोवर मिस्त्रींनी पट्टी आणलीसुद्धा. वहिनींना खिडकीशी उभं केलं, एक नमुना धरला, दुसरा धरला, पुन्हा पहिला. खूप वेळ लागला त्यांना. वहिनी त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मॅडमनी विचारलं, "जुना साचा आहे का दाताचा?" तर म्हणाले, "साचा कशाला? रोज बघतोय मी तो दात."

कॅप तयार झाली. बसवून बघितली आणि माझ्या अंगावर काटा आला. आकार हुबेहूब तोच. तोच तिरका कोपरा, शेजारच्यावर तसाच चढलेला, कडेला ती केसाएवढी रेघसुद्धा. मूळ दात परत आला म्हणा ना. आणि रंग? स्वयंपाकघरातली नवी बशी. लांबून दिसावा असा.

मी वहिनींच्या हातात आरसा दिला. मिस्त्री हातातलं फडकं पिळत उभे. "कसा आहे?" त्यांनी विचारलं.

वहिनी आरशात बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, आता तरी कुणीतरी खरं बोला, आणि तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात वहिनींनी खालून माझं मनगट असं दाबलं की चूप.

"माझाच आहे," वहिनी म्हणाल्या. "मॅडम, चिकटवून टाका."

मॅडमनी चिकटवला. मिस्त्री आनंदाने आत गेले आणि त्या दिवशी भट्टी साफ करताना चक्क शीळ वाजवली. मला इतका राग आला! वहिनींना बाहेर गाठलं, म्हटलं, "अहो, दिवसभर खिडकीत बसता तुम्ही. लोक काय म्हणतील?"

"लोकांना बसची वेळ पाहिजे असते गं," त्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज थकलेला होता. "यांच्या डोळ्यांचं मला कधीचं माहीत आहे. शर्टाचे रंगसुद्धा चुकतात. पण दाताच्या रंगावरून सांगितलं असतं ना, तर पुन्हा कुंचला धरला नसता त्यांनी. मी नेते डॉक्टरकडे, माझ्या पद्धतीने."

नेलंही. "माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय, सोबत चला," असं मिस्त्रींना म्हणाल्या आणि तिथे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितलं, जाता जाता यांचेही बघा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एवढंच होतं! आम्ही उगीच सगळं संपल्यासारखे कुढत बसलो होतो. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं नंतर करायचं ठरलं.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर मिस्त्री दवाखान्यात आले ते थेट माझ्यापुढे. मागे वहिनी, खांद्याला पर्स. "हिचा दात बघितलास?" मला विचारलं. त्यांनी तळव्याने एक डोळा झाकला, वहिनींकडे बघितलं. मग दुसरा झाकला, बघितलं. "जुन्या डोळ्याने बरोबर दिसतो," म्हणाले. "नव्याने..." मग हळूच, "बाकीच्यांचे? जे मी केले ते?"

"बदलले," मी म्हटलं. "मॅडमनी बाहेरून करून घेतले."

ते बाकावर बसले. "म्हणजे हिच्याच तोंडात राहिला." मग उठून म्हणाले, "चल, बस खुर्चीत. काढू या. नवीन करतो."

"मी नाही बसणार," वहिनी म्हणाल्या. "तोंड उघडून बसायचा कंटाळा आलाय मला. आणि साचा न बघता वाकडा दात तसाच्या तसा वाकडा केलात, डोळ्यांपुढे धूर असताना. तो काढू? वेड लागलंय का?"

मिस्त्रींनी पुष्कळ विनवलं. वहिनी हलल्या नाहीत. ते मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मला रडण्याचा आवाज आला, पण मी नळ सोडून भांडी धुवायला घेतली.

आता काम पुन्हा सुरू झालंय. रंग बघताना जुना डोळा मिटून घेतात आणि नव्याने बघतात, एकदाही चुकले नाहीत. पुढचे दात परत आमच्याकडेच. पण दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं नाव काढलं की, "बघू." वहिनी ओरडून दमल्या, मॅडम समजावून दमल्या. मी तर स्पष्टच म्हटलं, आंधळे व्हाल एका डोळ्याने. तरी, "बघू."

काल दवाखाना बंद करताना वहिनी त्यांना न्यायला आल्या. मी त्यांना दिवसभरातली एक गंमत सांगितली, एका गृहस्थांनी दवाखान्याच्या भिंतीच्या रंगाकडे बोट दाखवून म्हटलं होतं, एवढा पांढरा करा. वहिनी तोंडावर हात न धरता खळखळून हसल्या. मिस्त्री कुंचले पुसत होते. त्यांनी मान वर केली, नवा डोळा तळव्याने झाकला आणि बायकोकडे बघत राहिले.

"अहो, चला आता," मी म्हटलं. "पाय दुखतायत माझे. कुलूप लावायचंय."

"थांब गं जरा," ते म्हणाले.