दर दुसऱ्या गुरुवारची पाहुणी

अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला आले तेव्हा नोकरीची परवानगी नसलेल्या डिपेंडंट व्हिसावर घरात बसून माझं डोकं फिरायची वेळ आली होती. दारावर मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या दोन प्रचारक मुली आल्या, गोड बोलल्या, आणि वर्षभरात मी चक्क बाप्तिस्मा घेऊन मोकळी झाले. नवरा म्हणाला, एवढं करण्यापेक्षा भिशी लावायचीस. पुढे नोकरी लागली, रविवार झोपेत जायला लागले. गेली तीन वर्षं मी चर्चची पायरी चढलेले नाही. पण नाव अजून त्यांच्या रजिस्टरमध्ये आहे, आणि तिथेच सगळी गोम आहे.

कारण त्या चर्चमध्ये बायकांना दोन-तीन घरं नेमून देतात. अधूनमधून जायचं, विचारपूस करायची, चर्चमध्ये वर कळवायचं. माझ्या वाट्याला आलेली बाई दर दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी बनाना ब्रेड घेऊन हजर. हसरी, माझ्याच वयाची. मी मनात म्हणायचे, बाई गं, हे प्रेम की हजेरी? मी आजारी पडले तेव्हा तिने सूप आणलं, तर वाटलं, हेसुद्धा वर कळवणार. त्यांना चहा वर्ज्य, हे माहीत असून मी मुद्दाम आल्याचा चहा उकळायचे. ती शांतपणे पाणी मागायची. इतक्या सोशिक माणसाचा मला जास्तच संशय येतो. खरं सांगायचं तर ती मला आवडायला लागली होती. ती फक्त यादीसाठी येते असं कळलं असतं, तर मला सोसलं नसतं.

मागच्या महिन्यात चर्चमधून एका नव्याच बाईचा फोन आला. यापुढे ती येणार होती. आधीच्या बाईंचं काम म्हणे उन्हाळ्यातच काढून घेतलं होतं. उन्हाळ्यात? मग ही चार महिने कशाला येत होती? नक्की काहीतरी विकायला काढणार, दुसरं काय! माझं डोकं सणकलं.

गुरुवारी तिला दारातच अडवलं. "तुझी ड्यूटी संपलीय ना? मग का येतेस?"

ती म्हणाली, "मी चर्चला जाणं सोडलंय. आता चर्चमधून माझ्याकडेच कोणीतरी विचारपूस करायला येतं. वाटलं, निदान तुला तरी हे कळेल."

मी तिला आत घेतलं. काय झालं, घरी कोण कोण आहे, काय म्हणतात, हे विचारायला तोंड उघडलं आणि लाजेने मेल्यासारखं झालं. तीन वर्षं ती माझ्याबद्दल काय कळवते यावर मी डोळा ठेवून होते. तिला मुलं किती, हे मला माहीत नव्हतं.